काकूंसाठी विमानातली जागा

कोथरूड, पुणे ३८

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर काकू दार्जिलिंगला निघाल्यात, तेही विमानाने, हे वाचून फार आनंद झाला. कांचनजंगा एकदा डोळे भरून बघायचंय, हे आपण कॉलेजात होतो तेव्हापासून त्यांच्या तोंडून ऐकतोय.

तू विचारलंस, जास्तीचे पैसे भरून पहिली रांग घेतली की झालं ना? माझं मत विचारशील तर नको. पहिल्या रांगेत पाय पसरायला जागा असते हे खरं, पण समोर सीट नसल्यामुळे काकूंची पर्स, औषधांची पिशवी सगळं उड्डाणाच्या आणि उतरायच्या वेळी वर ठेवावं लागतं. जेवणाचा ट्रे हाताच्या दांड्यात असतो, म्हणून तो दांडा वर होत नाही. गुडघा धरून उठणाऱ्या माणसाला तेच अडचणीचं होतं. आपत्कालीन दरवाज्याजवळच्या रांगेत पायाला ऐसपैस जागा असते, पण वयस्कर माणसांना आणि लहान मुलांना तिथे बसू देत नाहीत, त्यामुळे तो विचार सोडून दे.

पुण्याहून दिल्ली आणि तिथून दार्जिलिंगजवळचा बागडोगरा विमानतळ, या दोन्ही टप्प्यांची विमानं बहुतेक एअरबस ए३२० जातीची असतात. मधे एकच वाट, दोन्हीकडे तीन-तीन सीट. पुढे तोंड करून बसलं की डावीकडे ए, बी, सी आणि उजवीकडे डी, ई, एफ. ए आणि एफ खिडकीच्या, सी आणि डी वाटेकडेच्या. काकूंचा डावा गुडघा आखडतो ना? मग पुणे-दिल्लीला त्यांना डी घे. डीला वाट डाव्या हाताला येते, म्हणजे दुखरा पाय मधूनमधून बाहेर लांब करता येतो. सी घेतलीस तर उजवा पाय मोकळा आणि डावा आत अडकलेला, काही उपयोग नाही. फक्त खाण्याची गाडी येताना दिसली की पाय आत घ्यायला सांग. आणि एक, वाटेकडचा दांडा अडकलेला वाटतो, पण बऱ्याच सीटना त्याच्या खालच्या बाजूला, मागे बिजागरीपाशी, बोटाने चाचपलं की एक छोटा खटका लागतो. तो दाबला की दांडा वर जातो आणि काकूंना अंग न वळवता सरळ बाजूला सरकून उठता येतं. माझ्या आईला हे दाखवल्यापासून ती उठताना कुणाचा हात मागत नाही.

शेजारी ईवर तू आणि एफवर छोटा ओजस. सकाळचं विमान असेल तर उत्तरेकडे जाताना सूर्य उजवीकडे, त्याच्याच खिडकीत येईल. डोळ्यांवर ऊन आलं की पडदा ओढायचा. मधे तापी आणि नर्मदा ओलांडता, हवा स्वच्छ असली तर त्याला दाखव. त्याच्या सीटसाठी वेगळे पैसे भरू नकोस. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई-वडील किंवा पालकांपैकी एकाशेजारी जागा द्यायची, असं डीजीसीएने, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाने, एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना सांगितलंय.

आता दिल्ली-बागडोगरा. इथे मात्र गुडघ्याचं ऐकू नकोस, काकूंना ए दे. विमान पूर्वेला जातं, म्हणजे हिमालय डावीकडे. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे, उजव्या अंगाला असतो, त्यामुळे ए बाजूच्या खिडकीत ऊन येत नाही आणि बर्फ स्वच्छ दिसतो. आकाश मोकळं असेल तर धवलगिरी, अन्नपूर्णा, मग ८,८४९ मीटरचं एव्हरेस्ट, मकालू आणि शेवटी उतरायच्या सुमाराला ८,५८६ मीटरचं कांचनजंगा. म्हणजे ज्याच्यासाठी जायचं ते सगळ्यात शेवटी येतं. काकूंना झोप लागली तर वेळेवर उठव.

रांग निवडताना पंख बघ. ए३२०चा पंख साधारण नवव्या-दहाव्या रांगेपासून विसाव्यापर्यंत खालचं सगळं झाकतो. म्हणून चौथी ते सातवी रांग घे. इंजिनं पंखाखाली, म्हणजे मागे राहतात, त्यामुळे पुढे आवाजही कमी असतो. पंखाजवळ हादरे सगळ्यात कमी बसतात हे खरं, आणि शेपटाकडे एसटीच्या मागच्या बाकड्यासारखं होतं, पण चौथ्या-सातव्या रांगेत काकूंना काही त्रास व्हायचा नाही. शेवटची रांग फुकट मिळाली तरी घेऊ नकोस. पाठ मागे जात नाही आणि मागच्या टॉयलेटची ये-जा डोक्याशी असते. आणि सीटचा नकाशा बघताना एवढं लक्षात ठेव, की खिडक्या आणि रांगा नेहमी जुळतातच असं नाही. बोइंग ७३७ असेल तर पंखाच्या थोडं पुढे एका जागी खिडकीऐवजी नुसती भिंत असते, एसीच्या नळामुळे. तेवढी रांग सोडून निवड.

एवर काकूंना बाहेर यायला दोन माणसं उठवावी लागतील, पण तुम्ही दोघं घरचेच, संकोच नाही. दिल्लीला चढण्याआधी त्यांना टॉयलेटला नेऊन आण, आणि टर्मिनलवर पाच-दहा मिनिटं चालव, म्हणजे गुडघा मोकळा होईल. परतीला हेच उलटं, हिमालयासाठी एफ.

पुण्याचा लोहगाव विमानतळ आणि बागडोगरा दोन्ही हवाई दलाचे तळ आहेत. जमिनीवर असताना ओजसच्या हातात मोबाइलचा कॅमेरा नको.

पैशांचं म्हणशील तर काकूंच्या दोन्ही सीटचे भर, तुमच्या दोघांच्या वेब चेक-इनला बघू. ते सहसा ४८ तास आधी उघडतं. तारखा नक्की झाल्या की कळव, नकाशा उघडून बसू फोनवर.

काकूंना साष्टांग नमस्कार, ओजसला आशीर्वाद.

तुझा,
श्रीरंग