मॅग्सल्फचा तक्ता फिरून परत आला

प्रिय शमे,

उत्तराला उशीर झाला. शिव्या राखून ठेव, भेटल्यावर एकदम घाल. तब्येत ठीक आहे, बीपी गोळीवर, गुडघा त्याच्या जागी. आता मुद्द्याचं.

परवा सिस्टरांच्या ग्रुपवर एक फोटो आला, ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का असलेला. आपला तक्ता, गरोदर किंवा बाळंत बाईला बीपी वाढून झटके आले तर मॅग्सल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, कसं द्यायचं त्याचा! तू हट्टानं घातलेली हिरवी पट्टी तेवढी शाबूत, म्हणून ओळखला. खालची तारीख, आवृत्ती, तपासणाऱ्यांची नावं सगळं गेलंय. तेही चाललं असतं. पण कुणीतरी डावीकडचा रकानाच छाटलाय. म्हणजे ‘४ अ‍ॅम्प्यूल, ८ मिली, त्यात १२ मिली सलाईन’ हे गायब, आणि उरलंय काय, तर ‘मॅग्सल्फ २० मिली शिरेतून हळू’.

हे वाचून तुझ्या पोटात गोळा येईल, म्हणून तुलाच लिहितेय. इथे इतरांना सांगितलं तर म्हणतात, ‘अहो, सगळ्यांना माहीत असतं.’ रात्री दोन वाजता, झटके येत असलेल्या बाईजवळ एकटी उभी असलेली, महिन्याभरापूर्वी रुजू झालेली पोरगी त्या ‘सगळ्यांत’ धरलीय का? आपल्या ५० टक्केवाल्या अ‍ॅम्प्यूलमध्ये २ मिलीला १ ग्रॅम. न मिसळता २० मिली ओढलं तर १० ग्रॅम थेट शिरेत, चारच्या जागी दहा. त्यानंतर आधी गुडघ्याचा झटका (हातोडी मारल्यावर पाय उडतो तो) जातो, मग श्वास. सुदैवाने तसं कुठे घडल्याचं कानावर नाही.

कापणाऱ्याचा हेतू वाईट नसणार. तक्ता आडवा, मोबाइल उभा. मधला भाग मोठा दिसावा म्हणून छाटला, आणि व्हॉट्सअ‍ॅपनं फोटो दाबून उरलेली अक्षरं पुसली. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते, हे आपण दर प्रशिक्षणात सांगतो. पण भिंतीवरच्या लॅमिनेटेड कागदाचाच फोटो काढून पाठवणाऱ्याला काय सांगणार? ट्यूबलाइटची चकाकी नेमकी ‘आधी तपासा’ या चौकटीवर पडलीय. आता लॅमिनेशन करायचं तर मॅट.

तू म्हणशील, ‘मी सांगत होते.’ हो, सांगत होतीस. ‘बदल करता येणार नाहीत’ असा परवाना लाव, नाहीतर लोक वाट लावतील, यावरून कँटीनमध्ये चहा निवेपर्यंत भांडलो होतो आपण. अजूनही मला ते पटत नाही. ज्यानं छाटलं त्यानं परवाना वाचलेलाच नाही. तो वाचला असता आमच्या धडगावकडच्या त्या प्रामाणिक सीएचओनं (उपकेंद्राच्या आरोग्य अधिकारी बाईनं), जिला आशांसाठी धोक्याची लक्षणं तिथल्या पावरी बोलीत हवी होती. ‘बदल नाही’ असा परवाना असता तर भाषांतर करून वाटणंही बंद, आणि ती बिचारी तिथेच थांबली असती. डब्ल्यूएचओचं बरंच साहित्य बिगरव्यापारी, ‘तशाच अटींवर पुढे वाटा’ या परवान्याखाली येतं. भाषांतर करा म्हणतात, फक्त त्यांचा लोगो वापरायचा नाही आणि ‘हे भाषांतर डब्ल्यूएचओने केलेलं नाही’ असं स्पष्ट लिहायचं. आपणही तेच ठेवू या. छाटणीवर इलाज तक्त्याच्या मांडणीतच करायला हवा.

म्हणजे असं, की तक्ता उभा करायचा आणि रकाने मोडायचे. प्रत्येक ओळ अशी लिहायची की ती एकटी फाटून गेली तरी धोका नको. ‘२० मिली’ हा आकडा एकटा कुठेच यायला नको. ‘४ अ‍ॅम्प्यूल (८ मिली) + १२ मिली सलाईन, झाले २० मिली, किमान ५ मिनिटं घेऊन’ हे एकाच ओळीत, मध्ये रेघ नाही. आवृत्ती आणि ‘या तारखेनंतर वापरू नका’ हे तळाला न लिहिता शीर्षकाला चिकटवून. तळ पहिला कापला जातो. तारखेचं महत्त्व पीपीएचवरून, म्हणजे प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावावरून बघ. इतकी वर्षं प्रसूतीनंतर ५०० मिली रक्त गेलं की धावपळ, असं शिकवलं. २०२५ च्या ऑक्टोबरात डब्ल्यूएचओ, फिगो (स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटना) आणि आयसीएमनं (सुइणींची) नवी सूचना काढली, की ३०० मिलीला नाडी किंवा बीपी बिघडलेलं असेल तर पाचशेची वाट पाहू नका. भिंतीवरच्या बिनतारखेच्या कागदाला कसं विचारणार, बाबा, तू अलीकडचा की पलीकडचा?

खरी काळजी मात्र याच्याही पुढची आहे, शमे. तो फोटो सिस्टरांच्या ग्रुपवर फिरतोय, डॉक्टरांनी तो पाहिलेलासुद्धा नाही. त्यांच्या ग्रुपवर इंग्रजी पीडीएफ आहे, ४ ग्रॅम शिरेतून आणि पुढे तासाला १ ग्रॅम ड्रिपमधून. आपल्या तक्त्यात ४ ग्रॅम शिरेतून, ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत, मग दर ४ तासांनी ५ ग्रॅम, आलटून पालटून. दोन्ही पद्धती बरोबर. पण एका लेबर रूममध्ये एकच ठरलेली हवी, नाहीतर डॉक्टर ड्रिप सांगतात आणि सिस्टर इंजेक्शन भरत असतात. फार्मासिस्टकडे तिसराच कागद, इंडेंटचा, म्हणजे औषधांच्या मागणीचा. आशांकडे चित्रांचं फ्लिपचार्ट. खाट एक, बाई एक, कागद चार. आणि जो तो म्हणतो, साहित्य आम्ही ‘शेअर’ केलंय. केलंय ना, आपापल्या जातीत! वेगवेगळ्या पेशांनी मिळून शिकण्याच्या २०१० च्या डब्ल्यूएचओच्या आराखड्यात एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकायला सांगितलंय. त्यातलं ‘एकमेकांकडून’ आमच्याकडे साफ गळतं.

ते गळलं की काय होतं, ते सिरिंजवरून बघ. कुल्ल्यात द्यायचे ५ ग्रॅम म्हणजे १० मिली, वर १ मिली लिग्नोकेन (दुखू नये म्हणून बधिर करणारं), झाले ११. ट्रेमध्ये सिरिंजा १० च्या. कुणी लिग्नोकेन गाळतं, कुणी दोनदा टोचतं, आणि हे सिस्टरांना वर्षानुवर्षं माहीत आहे. पण इंडेंट भरणाऱ्याच्या कागदावर नुसतं ‘मॅग्सल्फ, कॅल्शियम ग्लुकोनेट’ इतकंच. त्याला एकदा लेबर रूमच्या ड्रिलमध्ये उभं केलं की त्याच आठवड्यात २० मिलीच्या सिरिंजा येतात. पेटीत तीन हव्यात, एक शिरेची, दोन कुल्ल्यांच्या. अ‍ॅम्प्यूल १४. उपकेंद्राचा आणि पीएचसीचा भाग वेगळा, तिथे १० अ‍ॅम्प्यूल, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम आणि लगेच रेफर. शिवाय मॅग्सल्फ जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं १० टक्केवालं १० मिली, त्याच पेटीत, कपाटात नाही. गुडघ्याची हातोडी, कॅथेटर, युरोबॅग.

ड्रिल कसं घ्यायचं तेही तक्त्याच्या पाठीवर छापू या. पेटीतल्या खऱ्या अ‍ॅम्प्यूल ड्रिलमध्ये फोडायच्या नाहीत. १४ डिस्टिल्ड वॉटरच्या घ्यायच्या, त्यांवर चिकटपट्टीनं ‘सराव’ लिहायचं आणि ड्रिल संपल्यावर मोजून टाकून द्यायच्या. एक सराव अ‍ॅम्प्यूल चुकून औषधांत मिसळली तर संपलंच. १४ काचा फोडून भरायला एका माणसाला किती वेळ लागतो हे एमओंनी (डॉक्टरांनी) शेजारी उभं राहून बघावं, म्हणजे ‘अजून भरलं नाही का’ हे वाक्य बंद होईल. दोघी भरतात, तिसरी व्यक्ती घड्याळ आणि कागद सांभाळते. फार्मासिस्ट लेबलवरचा टक्का मोठ्यानं वाचतो. पुढच्या डोसआधी तिन्ही तपासण्या बोलून करायच्या: श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त, गुडघ्याचा झटका येतोय, गेल्या ४ तासांत लघवी तासाला निदान ३० मिली. यातलं एकही नाही म्हटलं तर डोस थांबवायचा, आणि ‘थांबवा’ म्हणायचा हक्क सगळ्यात धाकट्या सिस्टरलाही. हे वाक्य मी ठळक करणार आहे. तुझा आक्षेप असेल तर आत्ताच बोल, छापल्यावर नको.

१०८ वाल्यांनाही बोलवायचं. रेफरच्या चिठ्ठीवर ‘मॅग्सल्फ दिलं’ एवढंच असतं. किती, कुठे, किती वाजता, काही नाही. मग पुढच्या दवाखान्यात पुन्हा लोडिंग (सुरुवातीचा मोठा डोस) द्यायचं की नाही, हा घोळ. चिठ्ठीचा नमुना तक्त्याच्या त्याच फाइलमध्ये राहू दे.

आकड्यांवरून जुनं भांडण तू जिंकलीस, घे. औषधाच्या ओळीत इंग्रजी आकडे. अ‍ॅम्प्यूलवर आणि सिरिंजवर तेच असतात, आणि घाईत मराठी १ हा इंग्रजी ९ वाटतो. बाकी मजकूर मराठीच.

माझ्याकडे मूळ फाइल उघडते ती श्रीलिपी या जुन्या फाँटात, आणि इथल्या कॉम्प्युटरवर ती निव्वळ रांगोळी दिसते. तुझ्याकडे असेल तिथून काढ आणि युनिकोडमध्ये करून पाठव. पीडीएफसोबत बदलता येणारी फाइलही. मालकी कुणा एकाची नको, पण दुरुस्ती एकाच ठिकाणी व्हावी. सुटा फोटो मागणाऱ्याला तिथलीच फाइल द्यायची. नेट नसतं तिथे पेन ड्राइव्ह आणि छापील प्रत, ए-३ भिंतीला, ए-५ ट्रेमध्ये. नवी प्रत देताना जुनी परत घ्यायची. हा भाग कुणाला आवडत नाही, पण जुनी भिंतीवर राहिली की तीच वाचली जाते, तिची जागा सवयीची असते.

काकूंचं ऑपरेशन झालं का? फिजिओ बंद करू देऊ नकोस. पोराची बारावी, तुझं नवीन क्वार्टर, सगळं फोनवर सांग, रविवारी दुपारी. वंदीला अजून राग आहे का माझा?

तुझीच,
मीना

ता. क. लिग्नोकेनच्या ओळीत ‘२ टक्के, अ‍ॅड्रेनलीन नसलेलं’ हे घालू या. आमच्या कपाटात दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी असतात.