बाबांच्या ऑपरेशनआधी

ती. आई-बाबांस,
सा. न.

गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख चवथीआधी मिळाली, बरं झालं. यंदा गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला बाबा स्टुलावर चढणार नाहीत, तेवढाच फायदा. फोनवर पक्षाघाताचं काढलं की बाबा विषय बदलतात, म्हणून लिहिते आहे.

आई, हे मुख्यतः तुझ्यासाठी. माणूस हॉस्पिटलात आहे म्हणजे काही झालं तर लगेच कळेल, असं सगळ्यांना वाटतं. वॉर्डात नर्स म्हणून मी पाहते ते वेगळंच. घरी तोंड वाकडं झालं तर शेजारी धावत येतात, १०८ला फोन जातो. खाटेवरच्या पेशंटची जीभ अडखळली तर सगळे म्हणतात, भुलीचा अंमल आहे, झोपू दे. त्यात तास निघून जातात.

बाबांना धोका थोडा जास्त आहे. बीपी आणि साखर आहेच, पण मला खरी काळजी ठोक्यांची. हृदय अनियमित धडधडलं की आत गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. त्यासाठीच रक्त पातळ करायची गोळी. ऑपरेशनआधी ती काही दिवस थांबवावी लागते. किती दिवस आणि परत कधी सुरू, हे डॉक्टरांनाच विचारायचं, कागदावर लिहून घ्यायचं. बाबा, त्या फार्मसीवाल्या मित्राचा सल्ला इथे नको. आणि नंतर पाणी, पेज टाळू नका. अंगातलं पाणी कमी झालं, बीपी फार उतरलं, तरी धोका वाढतो.

कमरेखालची भूल दिली तर पाय काही तास जड राहतील, ते साहजिक. पण त्या भुलीने एकच हात लुळा पडत नाही, की ओठाचा एक कोपरा ओघळत नाही. अचानक एका बाजूचं दिसेनासं झालं, गरगरून तोल गेला, तुझं बोलणं त्यांना समजेना, तरी पक्षाघातच समज. बोलणं तपासायला आरती म्हणायला लावू नकोस. तोंडपाठ गोष्टी कधी कधी बिघडलेल्या मेंदूतूनही सुरेल बाहेर पडतात. त्यापेक्षा विचार, काल दुपारी कोण भेटायला आलं होतं?

शंका आली तर राउंडची वाट बघायची नाही. सिस्टरला सांग, 'स्ट्रोक वाटतोय, आत्ता बघा.' ती रागावली तर रागावू दे. साखर उतरली तरी असंच दिसतं, ती लगेच तपासतील. मग सीटी स्कॅन. तोवर तोंडात पाणी, गोळी काही घालू नकोस, ठसका लागून फुफ्फुसात जातं. आणि बाबा शेवटचे नीट कधी बोलले ती वेळ सांग. गुठळी विरघळवायचं औषध बहुधा त्या वेळेपासून साडेचार तासांतच देतात. ताज्या ऑपरेशनमुळे रक्तस्रावाच्या भीतीने ते देता आलं नाही, तरी काही पेशंटमध्ये नळी घालून गुठळी काढता येते, कधी २४ तासांपर्यंत. पण ती सोय प्रत्येक हॉस्पिटलात नसते. आपल्या हॉस्पिटलात आहे का, नसेल तर बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात हलवणार की आणखी कुठे, हे भरती होतानाच विचारून ठेवा.

एक काम आजच कर. बाबांची कवळी काढून, हसायला लावून, मोबाइलवर एक फोटो घे. लाजतील, पण घे. ऑपरेशननंतर तोंड वाकडं वाटलं तर तुलना करायला तोच उपयोगी पडेल. रात्री दादा थांबणार असेल तर त्याच्याही फोनवर पाठव, आणि हे पत्र त्याला वाचायला दे.

तुमची,
बाय