प्रसूतिकक्षातील सिस्टरांना एक जाहीर आभारपत्र

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

गुडघ्याची कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असणारे गुळगुळीत, लवचिक आवरण, प्रयोगशाळेत घडवण्याचे जे काम आम्ही करतो, त्याला लागणाऱ्या पेशी आपल्या प्रसूतिकक्षातून, बाळाच्या नाळेतून येतात. प्रबंधाच्या आभारांत ‘रुग्णालयातील कर्मचारी’ एवढा उल्लेख करून भागणार नाही, असे मनापासून वाटल्यामुळे हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्याने तिची इजा सहसा आपोआप भरून येत नाही. रुग्णाच्याच कूर्चेतील पेशी वाढवून पुन्हा गुडघ्यात सोडण्याचा उपचार स्वीडनमधील डॉक्टरांनी १९९४ साली प्रसिद्ध केला. परंतु त्यासाठी आधी धडधाकट कूर्चेचा तुकडा काढावा लागतो, आणि त्या पेशी डिशमध्ये पसरून वाढू लागल्या की स्वतःचे गुणधर्म गमावू लागतात. दुसरा मार्ग मूलपेशींचा, म्हणजे ज्यांपासून कूर्चेसारख्या निरनिराळ्या ऊतींच्या पेशी घडू शकतात अशा पेशींचा. त्या अस्थिमज्जेतून घ्यायच्या तर कमरेच्या हाडात सुई घालावी लागते आणि वयोमानानुसार त्यांचा जोमही घटतो. नाळ मात्र बाळ जन्मल्यावर टाकूनच दिली जाते, आणि तिच्यातील दोन रोहिण्या व एक नीला यांना वेढणाऱ्या जेलीत तरुण मूलपेशी असतात.

टाकून द्यायचीच वस्तू आहे, मग विचारायचे कशाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपण तसे कधीच होऊ दिले नाही. कळा सुरू झालेल्या बाईपुढे कागद धरून घेतलेल्या सहीला संमती म्हणता येत नाही, हा आपला आग्रह असल्यामुळे आपण तपासणीच्या दिवशीच, सोबत आलेल्या आईला किंवा सासूबाईंनाही बसवून, सगळे समजावून सांगता. नाळेतून नेमके काय घेणार, त्यातून तुमच्या बाळाला काही फायदा होणार नाही, आणि नाही म्हटलेत तरी सेवेत तसूभर फरक पडणार नाही, हे तिन्ही मुद्दे आपल्या तोंडून मी ऐकले आहेत. ज्या घरी वार आणि नाळ पुरण्याची रीत आहे, त्यांना आपण एका शब्दानेही आडवळणाने गळ घातली नाही. मूलपेशींच्या नावाखाली वाटेल ती आश्वासने विकली जात असताना हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

आपल्या अक्षरात प्रसूतीची वेळ लिहिलेली बाटली बर्फाच्या पेटीतून येते, तेव्हा नाळ प्रतिजैविक घातलेल्या बफरमध्ये, म्हणजे पेशींना मानवणाऱ्या क्षारद्रावणात, पूर्ण बुडालेली असते. रक्तवाहिन्या सोडवून जेलीचे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे तुकडे आम्ही डिशमध्ये चिकटवतो आणि ३७ अंश सेल्सिअसला ठेवतो. पुढे तुकड्याच्या कडेतून चातीच्या आकाराच्या पेशी एकेक करून बाहेर सरकू लागतात. नाळ उशिरा आली किंवा हाताळताना जंतुसंसर्ग झाला, तर पुढचे कोणतेही कौशल्य कामी येत नाही. म्हणूनच आमच्या प्रयोगांची गुणवत्ता आपल्या हातापासून सुरू होते, हे मी जबाबदारीने लिहीत आहे.

या पेशींपासून रुग्णाला बसवता येईल अशी कूर्चा तयार व्हायला अजून बराच अवकाश आहे, आणि तेही आपण मातांना स्पष्ट सांगता. आमच्या संमतिपत्राचा मराठी मसुदा क्लिष्ट होता. आपण तोंडी ज्या भाषेत समजावता, त्याच भाषेत तो नव्याने लिहून आमच्या मार्गदर्शकांनी नैतिकता समितीकडे मंजुरीसाठी पाठवला आहे. त्याची एक प्रत सोबत जोडली आहे. त्यात काही खटकले तर निःसंकोच कळवावे.

आपली कृतज्ञ,
ऊती अभियांत्रिकीची एक संशोधक विद्यार्थिनी