रॉकेटचं इंजिन घरी बनवू नका, बाकी सगळं बनवा

संपादक महोदय,

28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की शाळांच्या प्रदर्शनांत 'उडणारं रॉकेट' हमखास असतं. मग मुलं व्हिडिओ बघून फटाक्यातली दारू काढतात, नाहीतर घरच्या घरी इंधन घोटायला बसतात. हे थांबायलाच हवं. पण त्या धाकाने रॉकेटचा छंदच बंद पाडू नये, म्हणून हे पत्र.

हा छंद सुरक्षित झाला तो एका नियमामुळे. 1957 च्या सुमारास अमेरिकेत ऑरव्हिल कार्लाइल आणि हॅरी स्टाइन यांनी ठरवलं, की रॉकेट हाताने बनवायचं, पण मोटर, म्हणजे इंधन भरलेलं इंजिन, कारखान्यातली सीलबंदच वापरायची. अशा मोटरवर 'सी6-5' असा संकेत छापलेला असतो. सी म्हणजे एकूण आवेग (जोर गुणिले तो टिकण्याचा वेळ) 5 ते 10 न्यूटन-सेकंद, 6 म्हणजे सरासरी 6 न्यूटनचा जोर, आणि 5 म्हणजे जळून संपल्यावर 5 सेकंदांनी पॅराशूट बाहेर फेकणारा बार. पुढच्या प्रत्येक अक्षराला आवेग दुप्पट होतो. 160 न्यूटन-सेकंदांच्या वर, म्हणजे 'एच'पासून, हाय-पॉवर रॉकेट सुरू होतात. तिथे अमेरिकेतही टप्प्याटप्प्याने प्रमाणपत्र मिळवल्याशिवाय मोटर हाती पडत नाही. आपल्याकडे विनापरवाना स्फोटकं बनवणं 1884 च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे. घरी ठासलेल्या इंधनाला एखादी बारीक भेग गेली, तरी जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, नळीतला दाब चढतो आणि रॉकेटचा बॉम्ब होतो. ही भेग बाहेरून दिसत नाही.

मात्र रॉकेटमधलं बहुतेक शास्त्र इंधनात नसून तोल, पंख, सुटका आणि उतरणं यांत आहे, आणि ते सगळं पाण्याच्या रॉकेटवर, म्हणजे थोडं पाणी घालून पंपाने हवा दाबून भरलेल्या बाटलीवर, शिकता येतं. याला कुणी खेळणं समजू नये. 60 पीएसआय (दर चौरस इंचाला 60 पौंड) दाबाने बाटलीच्या तोंडातून पाणी सुटतं तेव्हा 25 ते 30 किलोंचा रेटा बसतो. तो सेकंदाचा जेमतेम दहावा भाग टिकतो इतकंच.

बाटली 2 लिटरची, सोडा किंवा कोल्ड्रिंकचीच घ्यावी. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली दाबासाठी नसते. पाणी एक तृतीयांश, म्हणजे साधारण 650 मिलिलिटर. जास्त भरलं तर हवेला फुगायला जागा उरत नाही, कमी भरलं तर फेकायला वस्तुमान उरत नाही. दाब 60 पीएसआयच्या वर नेऊ नये (मोटारीच्या टायरमध्ये 32-35 असतो, त्यावरून अंदाज यावा). नवी बाटली आधी काठोकाठ पाण्याने भरून 90 पीएसआयला तपासून घ्यावी. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे फुटली तरी तुकडे उडत नाहीत. हवेने भरलेली बाटली तपासणं धोक्याचं. अंगावर पांढरट रेघ किंवा घडी दिसली, बाटली उन्हात तापत पडलेली असली, किंवा दहाएक उड्डाणं झाली, की ती भंगारात द्यावी.

सर्वांत जास्त चूक पंखांत होते. ग्लू गनचा गरम गोंद थेट बाटलीला लावला की तिथलं प्लास्टिक मऊ पडतं आणि नेमकं तिथेच फुटतं. त्याऐवजी दुसऱ्या बाटलीचा सरळ मधला भाग नळकांड्यासारखा कापावा, 3 मिलिमीटर सनबोर्डाचे तीन किंवा चार पंख त्यावर बसवावेत आणि ते नळकांडं दाबाच्या बाटलीवर सरकवून टेपने बांधावं. रेषा सरळ येण्यासाठी बाटली दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात टेकवून पेन्सिल ओढावी. एक पंख जरी तिरका बसला, तरी रॉकेट गोल फिरत जातं.

मग तोल. रॉकेटची बाजूची आकृती पुठ्ठ्यावर काढून कापावी आणि पट्टीच्या धारेवर तोलावी. ती जिथे तोलली जाते, तिथे हवेच्या दाबाचा केंद्रबिंदू, म्हणजे उडताना बाजूची हवा जिथे रेटते तो बिंदू, ढोबळमानाने धरावा. आता खरं रॉकेट बोटावर तोलावं. त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे ते जिथे तोललं जातं तो बिंदू, त्या केंद्रबिंदूपासून नाकाच्या बाजूला निदान एका बाटलीच्या जाडीएवढा, म्हणजे 11 सेंटिमीटर, पुढे हवा. कमी पडला तर नाकात 50 ते 80 ग्रॅम खेळण्याची माती भरावी. हे तोलणं रिकाम्या बाटलीवरच करायचं, कारण पाणी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपतं आणि पुढचा सगळा प्रवास रिकाम्या बाटलीचाच असतो. शेवटी तोलबिंदूला दोन मीटर दोरी बांधून रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवावं. नाक पुढे राहिलं तर ठीक, आडवं झालं किंवा शेपूट पुढे आलं तर उडवू नये.

पॅराशूटच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात येत नाही. सैल ठेवलेलं नाक माथ्यावर पोचल्यावर सुटेल असं वाटतं. प्रत्यक्षात पाणी संपताच हवा बाटलीला मागे खेचते, जड नाक पुढे धावतं आणि तिथेच, ऐन वेगात, सुटतं. दोऱ्या तटातट तुटतात. चावीच्या खेळण्यातलं यंत्र टायमर म्हणून बसवून कडेच्या झडपेतून पॅराशूट सोडणं हा खात्रीचा उपाय. 200 ग्रॅमच्या रॉकेटला छत्रीच्या कापडाचं 45 ते 50 सेंटिमीटर व्यासाचं पॅराशूट लावलं, की ते सेकंदाला पाचेक मीटरने उतरतं. दोऱ्या सुती असाव्यात. संक्रांतीनंतर घरात उरलेला नायलॉन मांजा कृपा करून वापरू नये. त्यावर बंदी आहे, आणि झाडात अडकला तर पाखरांचे गळे कापतो.

लाँचरसाठी 21 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची अर्धा इंची यूपीव्हीसी नळी बाटलीच्या तोंडात जवळपास नेमकी बसते. बाटलीच्या गळ्यावर केबल टायची पकड, ती सोडायला पाच मीटरहून लांब दोरी. नळीला 'टी' आकाराचा जोड देऊन एक बॉल व्हॉल्व्ह (फिरवायची तोटी) जरूर लावावा. रॉकेट अडकलं तर कुणीही जवळ जाऊन ओढायचं नाही, लांबूनच दाब सोडता आला पाहिजे, म्हणून हा व्हॉल्व्हही पंपाच्या बाजूलाच हवा. हे एक स्वस्तातलं काम सगळ्यात आधी राहून जातं.

उड्डाणाची वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सकाळ. दुपारी वारा भरकटवतो आणि उन्हाळ्यात नागपूरच्या उन्हात बाटली मऊ पडते. मैदानाच्या आसपास विजेच्या तारा नसाव्यात. सोनेगाव विमानतळाच्या बाजूला तर उडवूच नये.

आता मागणी. देशभरातल्या स्फोटकांच्या परवान्यांचं काम पाहणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सवर आहे. शाळेला किंवा महाविद्यालयाला सीलबंद मोटरचं रॉकेट उडवायचं असेल तर कोणता परवाना लागतो, साठवण कुठे करायची, अर्ज कोणाकडे द्यायचा, हे त्यांनी मराठीत एका पानावर द्यावं. जिल्हा प्रशासनाने हिवाळ्यातल्या चार रविवारी सकाळी सहा ते नऊ, शहराबाहेरचं एक मोकळं मैदान पाण्याच्या रॉकेटसाठी द्यावं. दोरीने आखलेली हद्द आणि प्रथमोपचार पेटी एवढीच सोय पुरे. पंप आणि लाँचर आम्ही आणू.

— रॉकेटचा छंद जोपासणारे काही नागपूरकर