चार तालुके आणि उणे एक रंग

फोंडा, गोवा

प्रिय विनू,

फोनवर तू विचारलंस, नकाशे रंगवण्यात एवढं गणित ते काय? तेव्हा ट्यूशनची पोरं दारात उभी होती. आता निवांत लिहितो.

गोव्याचा नकाशा काढ. पेडणे, बार्देश, डिचोली, तिघांच्या हद्दी एकमेकांना भिडतात. भिडतात तिथे रंग वेगळा हवा. हाताशी क्ष रंग असले तर पेडण्याला क्ष पर्याय, बार्देशाला क्ष−१, डिचोलीला क्ष−२. सत्तरी यांतल्या फक्त डिचोलीला लागून, म्हणून तिला पुन्हा क्ष−१. सगळ्यांचा गुणाकार ही या चार तालुक्यांची क्रोमॅटिक बहुपदी. तीन रंगांत १२ प्रकार, चार रंगांत ७२.

जॉर्ज बर्कहॉफने ती १९१२ साली मांडली, चार रंगांचा प्रश्न सोडवण्यासाठी, म्हणजे कुठलाही नकाशा रंगवायला चार रंग पुरतातच का, हे ठरवण्यासाठी. तो प्रश्न १९७६मध्ये संगणकाच्या मदतीने वेगळ्याच वाटेने सुटला. बहुपदी मात्र टिकली, आणि मला तर त्या प्रश्नापेक्षा तीच मोठी वाटते.

क्षच्या जागी −१ घाल. उणे एक रंग कुणी पाहिलाय? तरी उत्तर येतं १२. (तीन रंगांचेही १२च आले, तो या नकाशापुरता योगायोग.) आता प्रत्येक हद्दीवर एका दिशेचा बाण काढ. हद्दी चार, म्हणून मांडण्या १६. त्यातल्या चार मांडण्यांत बाणांमागून गेलं की पेडणे-बार्देश-डिचोली असा फेरा होऊन माणूस निघाला तिथेच येतो. त्या वगळ, उरल्या १२! चिन्ह सोडलं तर हे कुठल्याही आलेखाला, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांच्या चित्राला (इथे तालुके ठिपके, हद्दी रेघा), लागू पडतं, हे रिचर्ड स्टॅन्लीने १९७३मध्ये सिद्ध केलं. रंगांचा आणि बाणांचा काय संबंध, विनू? मला अजून याचं नवल वाटतं.

गुणाकार उलगडलास तर सहगुणक येतात १, ४, ५, २, चिन्हं सोडून. आधी चढतात, मग उतरतात. कुठल्याही आलेखाचे असेच वागतात, हा रोनाल्ड रीडचा १९६८चा अंदाज. दिसायला किती साधा! पण जून हू याने त्याची सिद्धता दिली ती बैजिक भूमितीतून (समीकरणांनी बनणाऱ्या आकारांच्या अभ्यासातून), २०१२मध्ये छापून आली. पुढे २०२२मध्ये त्याला फील्ड्स पदक, गणितातला मोठा सन्मान, मिळालं. मोजणीच्या प्रश्नाला भूमितीने उत्तर द्यावं, यासाठीच मी या विषयात रमलोय.

तूही एक करून बघ. चार ठिपक्यांचा चौकोन घे, कर्ण नकोत. त्याची बहुपदी (क्ष−१)⁴ + (क्ष−१). −१ घाल, मग बाण काढून मोज. दोन्हीकडे १४ यायला हवेत. कागद जपून ठेव, चवथीला येशील तेव्हा घेऊन ये.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर