मूळ डिस्कला हात न लावता व्हीएम सोडवणाऱ्या तुम्हाला

सप्रेम नमस्कार,

इमर्जन्सी मोडमध्ये (बूट अर्धवट थांबून फक्त दुरुस्तीपुरतं चालणाऱ्या अवस्थेत) अडकलेल्या लिनक्स व्हीएम (क्लाउडवरची आभासी मशीन) आपोआप सोडवणारी स्क्रिप्ट तुम्ही लिहिलीत आणि सगळ्यांसाठी खुली केलीत. सर्व्हर सांभाळणाऱ्या आम्हा सर्वांकडून तुमचे मनापासून आभार.

समोर ठेवलेलं मशीन अडकलं तर रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड टाकून काम भागतं. क्लाउडवर तसं होत नाही. नेटवर्क उठलेलं नसतं, त्यामुळे एसएसएच (दुरून लॉगिन) नाही. बऱ्याच इमेजमध्ये (व्हीएम ज्यावरून बनते त्या तयार साच्यात) रूट खातं लॉक असतं, त्यामुळे नेटवर्कशिवाय चालणाऱ्या सिरियल कन्सोलवरही शेल (कमांड लिहायची जागा) मिळत नाही; एंटर दाबलं की पुन्हा ‘रूट लॉक आहे’ हाच संदेश. आणि कारण बहुतेकदा एवढंसं असतं: काढून टाकलेल्या डेटा डिस्कची ओळ एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची याच्या यादीत) तशीच राहिलेली. सिस्टिमडी (बूटच्या वेळी सगळं क्रमाने सुरू करणारा प्रोग्रॅम) त्या डिस्कची 90 सेकंद वाट पाहतं, मग लोकल-एफएस टार्गेट (डिस्क जोडण्याचा टप्पा) फेल होतं आणि इमर्जन्सी टार्गेट सुरू होतं. त्या ओळीत नोफेल (डिस्क नसली तरी पुढे जा, असं सांगणारा पर्याय) असतं तर बूट पुढे गेलं असतं.

सगळ्यात जास्त ऋण तुमच्या एका निर्णयाचं आहे. स्क्रिप्ट मूळ डिस्कला कधीच हात लावत नाही. व्हीएम बंद करून स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत), त्यावरून नवी डिस्क, ती बचाव-व्हीएमला (दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या व्हीएमला) जोडून दुरुस्ती, आणि मग ओएस डिस्कची अदलाबदल. बचाव-व्हीएम त्याच इमेजवरची असेल तर दोन्हीकडे यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) एकच निघतो आणि एक्सएफएस प्रकारची फाइलसिस्टिम माउंट होत नाही, म्हणजे जोडली जात नाही. तिथे तुम्ही नोयूयूआयडी पर्याय आधीच घातला आहे. एलव्हीएममध्ये (डिस्क एकत्र करून त्यांचे लवचिक भाग पाडणाऱ्या व्यवस्थेत) व्हॉल्यूम ग्रुपची, म्हणजे डिस्कच्या गटांची, नावं एकमेकांवर येतात, आणि नाव बदललं तर ग्रबमधला (बूट सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधला) रूट फाइलसिस्टिमचा जुना पत्ता चुकतो. म्हणून बचाव-व्हीएम एलव्हीएम नसलेल्या इमेजवरूनच घ्यायची, ही तुमची अट अगदी रास्त आहे.

एफएसटॅबचा भाग तर पुन्हा पुन्हा वाचावा असा. बचाव-व्हीएमला फक्त ओएस डिस्क जोडलेली असते, म्हणजे तिथून पाहिलं तर प्रत्येक डेटा डिस्क गायबच दिसते. ‘सापडली नाही म्हणून ओळ काढा’ असं करणारी स्क्रिप्ट चांगल्या डिस्कच्या ओळीही उडवते. तुम्ही आधी फाइलची प्रत ठेवता, ओएस डिस्कवरच्या रूट, बूट, ईएफआय, व्हार वगैरे ओळींना हात लावत नाही, आणि उरलेल्या प्रत्येक ओळीत नोफेल आणि 10 सेकंदांचा डिव्हाइस-टाइमआउट (डिस्कची वाट पाहण्याची मर्यादा) घालता. त्यातला धोकाही अहवालात स्पष्ट लिहिता: डिस्क आली नाही तरी आता बूट होणार, आणि डेटाबेस रिकाम्या माउंट पॉइंटवर, म्हणजे रूट डिस्कवरच लिहायला लागणार. ते टाळायला सर्व्हिसच्या युनिटमध्ये (सिस्टिमडीसाठीच्या तिच्या फाइलमध्ये) रिक्वायर्स-माउंट्स-फॉर ही, म्हणजे डिस्क जोडलेली असेल तरच सर्व्हिस सुरू कर असं सांगणारी, ओळ हवीच.

फाइलसिस्टिम बिघडलेली असेल तिथे तुमचा संयम दिसतो. ईएक्सटी4 या फाइलसिस्टिमवर ई2एफएससीके हे तपासणी-दुरुस्तीचं साधन आपोआप चालतं. एक्सएफएसवर मात्र आधी माउंट करून लॉग रिप्ले होऊ द्यायचा (नोंदवलेले पण अर्धवट राहिलेले बदल पूर्ण होऊ द्यायचे), मगच रिपेअर. तेही जमलं नाही तर स्क्रिप्ट थांबते आणि माणसाला बोलावते. लॉग शून्य करणारा एल पर्याय ती स्वतःहून कधीच वापरत नाही, कारण शेवटचे बदल त्यातच जातात.

एसई-लिनक्सच्या (लिनक्समधल्या सुरक्षा व्यवस्थेच्या) रीलेबलची, म्हणजे सगळ्या फाइलींना सुरक्षेची लेबलं पुन्हा लावण्याची, सूचना दिल्याबद्दल वेगळे आभार. दुरुस्तीनंतरचं पहिलं बूट त्यामुळे लांबतं, आणि पुन्हा अडकली असं समजून मध्येच रीसेट मारण्याचा मोह होतो.

डिस्क काढण्याच्या आमच्या चेकलिस्टमध्ये आता तुमचाच क्रम आहे: अनमाउंट, एफएसटॅबमधली ओळ काढणं, डेमन-रीलोड (सिस्टिमडीला बदल वाचायला लावणं), फाइंडमाउंटचं व्हेरिफाय (एफएसटॅबची तपासणी), मग डिस्क वेगळी करणं आणि एक रीबूट, सगळे जागे असताना.

तुमचे कृतज्ञ,
रात्रपाळीचे सर्व्हर सांभाळणारे आम्ही सगळे