धडगावच्या राउटरमधली तुझी ओळ

धुळे,
श्रावणातली एक पावसाळी रात्र

प्रिय भावड्या,

परवा फोनवर तू सहज विचारलंस, "अजून त्याच चाळीस राउटरांत अडकलायस का?" मी हसून विषय बदलला, कारण खरं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. शिवाय त्यात तुझाही हात आहे, म्हणून सगळं लिहूनच कळवतो.

तू संस्था सोडलीस तेव्हा प्रत्येक शाखेचा राउटर, म्हणजे शाखेला मुख्यालयाशी जोडणारी पेटी, ज्याने शेवटचा हात लावला त्याच्या मनासारखा. मॉडेल एकच, पण आत प्रत्येकाचा वेगळा संसार. गेल्या वर्षी यावलची लाइन रात्री कधी पडली ते लॉगमध्ये, म्हणजे राउटरच्या नोंदवहीत, बघायला गेलो, तर त्या राउटरचं घड्याळ कुठल्या तरी भलत्याच वर्षात फिरत होतं. मुख्यालयाच्या लॉगशी काही जुळेना. म्हटलं, आता पुरे. ऑक्सिडाइज्ड नावाचं सॉफ्टवेअर बसवलं. ते रोज रात्री सगळ्या राउटरांचं कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या सगळ्या ओळी, ओढून गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद राखणाऱ्या साठ्यात, ठेवतं. सकाळी चहाबरोबर मी काय बदललं ते बघतो, लोक पेपर चाळतात तसं.

पहिल्याच आठवड्यात काय काय सापडलं! काही ठिकाणी एसएनएमपीची (दुरून राउटरवर नजर ठेवायच्या सोयीची) चावी 'पब्लिक'च, म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर. आणि अकरा राउटरांत तुझं खातं जिवंत! नोकरी सोडून सहा वर्षं झाली, तरी तू पाचोऱ्यापासून तळोद्यापर्यंत ड्यूटीवर होतास, बिनपगारी.

मग अन्सिबलमध्ये, म्हणजे फाईलवरून सगळ्या राउटरांची सेटिंगं करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एक टेम्प्लेट केलं. वेळ, लॉग, खाती, कुणाला आत घ्यायचं नि कुणाला नाही हे सगळीकडे सारखं. शाखेपुरता बदलणारा भाग म्हणजे फक्त तिचा नंबर आणि लाइन. सतरा नंबरची शाखा म्हटली की तिचे नेटवर्कचे पत्ते १०.१७ ने सुरू, हे डोळे मिटून सांगता यावं, एवढा साधा हिशेब. आणि मग ती एक ऐट केली: फाईलमध्ये नाही ते राउटरमधून पुसून टाकायचं.

आधी आपल्या ऑफिसचा राउटर, मग तीन शाखा, मग दहा. प्रत्येक वेळी आधी 'रीलोड इन १०' देऊन ठेवायचो. बदल करताना मीच बाहेर फेकलो गेलो, तर दहा मिनिटांनी राउटर आपोआप बंद-चालू होऊन जुन्या कॉन्फिगवर येणार. ही सवय तुझीच. धडगाव मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तिथेही सगळं सुरळीत झालं, पिंग, म्हणजे पलीकडून ओ येते का ते बघायची हाक, छान येत होता. मी रीलोड रद्द केला, सेव्ह केलं आणि घरी जाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी तिथला आठवडेबाजार. अकरा वाजता मॅनेजरचा फोन. तो आपल्या शिंदखेड्याकडचा, घाबरला की अहिराणीवर येतो: "पान अर्धं उघडस आनि बसी जास, भाऊ!" लॉगिन होतंय, नाव दिसतंय, पण खातेउतारा उघडला की पडदा पांढरा. बाहेर लोक रांगेत. मी आधी सॉफ्टवेअरवाल्यांशी भांडलो, मग त्या शाखेची लाइन ज्यावर चालते त्या सिमवाल्यांशी. दोघंही म्हणाले, आमचं ठीक आहे. तेही खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी निघालो. दोंडाईचा, सारंगखेड्याचा पूल, शहादा, तळोदा आणि मग चांदसैली घाट. घाटात एका वळणावर दरडीचे दगड रस्त्यावर आलेले, जेसीबी बाजूला करत होता. दीड तास गाडीत बसून होतो. खाली धुकं, वर पाऊस, हातात गार भजी. तू असतास तर गाणी म्हटली असतीस, बेसूर का होईना.

शाखेत पोचल्यावर काउंटरमागे स्टूलवर लॅपटॉप मांडला. साधा पिंग ३२ बाइटचा, तो जाणारच. मोठा करत गेलो, तुकडे न करण्याची अट घालून. १३७२ गेला. १३७३ अडला. तिथेच माझ्या पोटात गोळा आला. गिट उघडून बदलांत पाहिलं, तर लाल अक्षरांत वजा चिन्ह लावलेली एक ओळ: टीसीपी ॲडजस्ट-एमएसएस १३६०. तुझी ओळ. मी पुसलेली.

बाकी शाखा लीज्ड लाइनवर, म्हणजे भाड्याच्या स्वतंत्र लाइनवर; मोबाइल सिमवर टनेलमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या बंदिस्त वाटेने, चालणारी ही एकटीच. टनेलचं स्वतःचं वेष्टन चढलं की १५०० बाइटचं पाकीट आत मावत नाही. मुख्यालयातला राउटर सर्व्हरला "मावत नाही, लहान करून पाठव" असा निरोप द्यायचा, आणि तो निरोप आमचंच फायरवॉल, म्हणजे नेटवर्कचा पहारेकरी, वाटेत गिळायचं. सर्व्हर बिचारा तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहायचा. तुझ्या त्या ओळीमुळे दोन्ही टोकं आधीच लहान पाकिटांवर राजी व्हायची, म्हणून इतकी वर्षं कुणाला काही कळलंच नाही.

तुला शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू. एक शब्द तरी लिहून ठेवायचा होतास! पण मग आठवलं, लिहिणार कुठे? आपल्या या सिस्को कंपनीच्या राउटरांत उद्गारचिन्हाने सुरू केलेला शेरा राउटर वाचतो आणि फेकून देतो. कॉन्फिगमध्ये काय केलंय ते राहतं, का केलंय ते नाही. म्हणून आता फाईलमध्ये प्रत्येक अपवादापुढे कारण, तारीख आणि करणाऱ्याचं नाव. कारण नाही तर अपवाद नाही. सिमवरच्या शाखेसाठी वेगळा गट केला, सध्या त्यात धडगाव एकटंच, १३६० त्या गटातच बसवलं. फायरवॉलही सुधारलं. आणि बदलानंतरची तपासणी नुसत्या पिंगवर सोडत नाही, खातेउतारा उघडून बघतो.

या खटाटोपाचं फळही मिळालं बरं का. जूनमध्ये रावेरला वीज पडली, राउटर खाक. शिल्लक राउटरमध्ये इथेच फाईल भरली आणि खोक्यात घालून एसटीने पाठवला. तिथल्या शिपायाने लाल पट्टीची वायर लाल भोकात, निळी निळ्यात घातली. वीस मिनिटांत शाखा सुरू. मी जागचा हललो नाही.

तू म्हणालास तसं सगळं एका कंट्रोलरवर, म्हणजे सगळे राउटर एकाच जागेवरून चालवणाऱ्या यंत्रणेवर, न्यावं, हे मलाही पटतं. पण कंट्रोलरलाही धडगाव वेगळं का, हे कुणीतरी सांगावंच लागेल ना?

आता कामाचं. नवापूरच्या राउटरमध्ये तुझ्या काळातला एक स्टॅटिक राउट, म्हणजे हाताने ठरवून दिलेली वाट, आहे. ज्या पत्त्याकडे जातो तिथे काहीच उत्तर देत नाही. साक्रीत सातव्या पोर्टचा (वायर लावायच्या भोकाचा) वेग १० एमबीपीएसवर बांधलेला आहे, पलीकडे काय जोडलंय ते कुणालाच माहीत नाही. दोन्हींना मी हात लावलेला नाही. फाईलमध्ये कारणाची जागा रिकामी ठेवलीय. आठवून कळव, आणि आठवत नसेल तर तसंच लिही, तेही फाईलमध्ये टाकीन.

वहिनींना नमस्कार. कळण्याचं पीठ दळून ठेवलंय, कोण येणार असेल तर पाठवतो.

तुझा जुना पार्टनर